एका बोंडातल्या बत्तीस सरक्या

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि समुद्रपूर तालुक्यात त्याच सुमाराला कपाशीची लावण चाललेली असते. दोन चांगले पाऊस झाले की मागचे बाक रिकामे. डार्विन आणि लामार्क वर्गात येतात तेव्हा आमची पोरं सरकी टोबायला गेलेली असतात. परततात ती बोटांना बियाण्यावरच्या औषधाचा रंग घेऊन. आधी साबणाने हात धुऊन या, मग वही उघडा, हे माझे वर्षातले पहिले वाक्य.

नोकरीची सगळी वर्षे मी याच तालुक्यात काढली, आधी गिरडच्या बाजूला, मग समुद्रपूरला. शिकवायला सगळ्यांत अवघड काय, असे कोणी विचारले तर मी विद्युतधारा म्हणत नाही, उत्क्रांती म्हणते. समजायला ती सोपी आहे, पटायला अवघड. पेशीविभाजनाच्या अवस्था पाठ होतात, मेंडेलचे चौकोन पोरं फळ्यावर भराभर भरतात. पण ‘लाखो वर्षांपूर्वी’ असे म्हटले की वर्गाचे लक्ष खिडकीबाहेर जाते. पुस्तकातले पुरावे खरे आहेत, पण आमच्यापासून फार लांबचे. पेरीपॅटस कोणी पाहिला आहे? डकबिल प्लॅटिपस ऑस्ट्रेलियात. अक्कलदाढ आणि आंत्रपुच्छ एवढे दोन पुरावे तेवढे घरचे, आणि त्यांतही पोरांना रस दुखण्यापुरताच.

गिरडच्या शाळेत असताना मला वाटायचे, दगड दाखवून काम भागेल. तिथे ख्वाजा शेख फरीद बाबांची टेकडी आहे. त्या टेकडीवर गुळगुळीत, गोल गोटे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल, नारळासकट, दगड झाला अशी कथा आहे. पोरं ते गोटे दप्तरातून घेऊन यायची: “मॅडम, हे जीवाश्म ना?” श्रद्धेला हात न लावता मी एवढेच सांगायची की हे जीवाश्म नव्हेत, खनिजे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत नंतर पाणी झिरपत राहिले आणि झिओलाइटसारखी खनिजे साठली. खरे जीवाश्म हवे असतील तर वरोऱ्याकडे जावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे, तिथल्या मातीत डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेले शेण मिळते. त्या शेणात शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ साली ते जगापुढे आले. तोवर गवत डायनोसॉरनंतरचे मानले जात होते. ही गोष्ट सांगितली की वर्ग हसतो, शेणावर हसतो. पण तीही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचीच. तास संपला की संपली.

मग २०१७ चा हंगाम आला.

कपाशी त्या वर्षी दिसायला उत्तम होती. पऱ्हाटी डोक्याएवढी, बोंडे लगडलेली. दिवाळीच्या आसपास वेचणीला गेलेल्या बायांच्या लक्षात आले की बोंड फुटतच नाही. फुटले तर एका कप्प्यात कापूस, दुसऱ्यात कवडी, पिवळा पडलेला, हाताला चिकटणारा. फुले नीट उमलत नव्हती. पाकळ्या टोकाशी रेशमासारख्या धाग्याने बांधल्यागत एकमेकींना चिकटलेल्या. हीच डोमकळी. ती उलगडली की आत अळी. म्हाताऱ्या माणसांनी तिला लगेच ओळखले. त्यांच्या तोंडी तिचे नाव शेंदरी अळी, कृषी खात्याच्या पत्रकात गुलाबी बोंडअळी. ही काही परदेशातून आलेली बला नाही. १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या इंग्रजाने हिचे शास्त्रीय वर्णन केले ते भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. बीटी कपाशी आल्यावर ती दिसेनाशी झाली होती. आमच्या दहावीच्या वर्गातल्या एकानेही तोवर ती पाहिलेली नव्हती.

त्या हिवाळ्यात शाळेत वेगळेच काम निघाले. नुकसानीच्या तक्रारीसाठी ‘जी फॉर्म’ भरायचा होता. बियाण्याचे बिल, पाकीट, सातबारा. घरात लिहिता येणारी पोरंच, त्यामुळे मधल्या सुट्टीत आमच्या पडवीत फॉर्म भरले जाऊ लागले. बिल कोणाकडे आहे, कोणाचे उंदराने खाल्ले, पाकीट तर बहुतेकांनी टोबणी झाली त्याच दिवशी धुऱ्यावर फेकलेले.

एक मुलगा घरातली सरकी पिशवीत घेऊन आला. मी ती वर्तमानपत्रावर ओतली. बहुतेक दाणे सुटे, पण मधूनच दोन दाणे एकमेकांना पाठीला पाठ लावून चिकटलेले. मुलाने नखाने एक जोडी फोडली. दोन्ही दाण्यांचा गर खाऊन केलेल्या पोकळीत गुलाबी अळी वाटोळी होऊन पडलेली. मेली आहे असे सगळ्यांना वाटले. उन्हात धरली तर थोड्या वेळाने डोके हलवू लागली. ही अळी अशीच दोन सरक्या जोडून, त्यांत महिनोन्‌महिने झोपून राहू शकते. पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. वर्गातल्या पोरी किंचाळल्या नाहीत. घरात पडलेल्या कापसाच्या गंजीवर रात्री आपण झोपतो, हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

त्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, तेव्हा तो शाळांतून काढायला हवा. बातमी टीव्हीवर आली, दुसऱ्या दिवशी वर्गात.

“मॅडम, खरंच कोणी पायलं का?”

माकडाचा माणूस झाला असे डार्विनही म्हणत नाही, दोघांचा पूर्वज एक होता एवढेच तो म्हणतो, हे मी सांगितले. पण त्या मुलाचा प्रश्न ‘पाहिले का’ असा होता, आणि त्याला उत्तर देणे मला अचानक सोपे झाले होते. माणसाचे राहू दे, मी म्हटले. अळीचे पाहिलेस ना? २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा हीच अळी ते बोंड खाऊन मरत होती. आज खाऊन जगते. तुझ्या बाबांनी पाहिले, आजोबांनी पाहिले, आता तूही पाहिलेस. उत्क्रांती आणखी कशी पाहायची असते?

तो गप्प बसला नाही. ही पोरं गप्प बसत नाहीत, सुदैवाने. “मंग अळीनं स्वतःले बदलवलं का?”

इथे खरा धडा सुरू होतो, कारण हा प्रश्न लामार्कचा आहे. गरज पडली म्हणून अळी बदलली, जिराफाने मान ताणली म्हणून लांब झाली. आपल्या सगळ्यांच्या मनात लामार्कच बसलेला असतो. कृषी सेवा केंद्रावरचा माणूसही ‘अळीला सवय झाली’ असेच म्हणतो. सवय कोणालाच झालेली नाही. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचा जनुक कपाशीत घातलेला. त्यामुळे झाडात एक विषारी प्रथिन तयार होते. ते अळीच्या आतड्यात जाते, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक प्रथिनाला जाऊन बसते, भिंतीला भोके पडतात, अळी मरते. कोट्यवधी अळ्यांत काही थोड्यांच्या जनुकात आधीपासूनच चूक होती, त्यामुळे भिंतीवरचे ते प्रथिन वेगळे घडले. कुलपाची खाच बदलली की किल्ली बसत नाही, तसे. बीटीच्या आधी या वेगळेपणाला काही किंमत नव्हती. बीटी आल्यावर बाकीच्या मेल्या आणि याच उरल्या. अळी बदलली नाही, अळ्यांची वस्ती बदलली. या वाक्यापाशी मी दरवर्षी थांबते, खडू खाली ठेवते.

गुजरातमध्ये ही गोष्ट आधीच घडली होती. पहिल्या बीटीत एकच प्रथिन होते, क्राय वन एसी. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे बियाणे आले, त्यात क्राय टू एबी जास्तीचे. २०१० साली जाहीर झाले की गुजरातच्या काही जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या प्रथिनाला जुमानत नाही. पुढच्या चारपाच वर्षांत दुसऱ्यालाही जुमानेनाशी झाली. म्हणजे २०१७ ला आमच्याकडे जे झाले ते आकाशातून पडलेले नव्हते. अळीच्या एका हंगामात चारपाच पिढ्या होतात. आपल्या घराण्यात शंभर वर्षांत चार पिढ्या, तिच्या एका पावसाळा-हिवाळ्यात. वर्गाला हिशेब करायला सांगितला की ‘लाखो वर्षे’ आपोआप गळून पडतात.

जून २०१८ मध्ये दहावीचे नवे पुस्तक हातात आले आणि पहिलाच धडा उत्क्रांतीचा. योगायोग म्हणून मला हसू आले. पुढे २०२३ मध्ये केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा बरीच चर्चा झाली. आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र तो राहिला. राहिला म्हणून बरे. नसता तरी आम्ही कपाशी शिकवलीच असती.

पुढच्या धड्यात पेशीविभाजन येते. त्याची तयारी मी कांद्याने करते. काचेच्या ग्लासच्या तोंडावर कांदा ठेवायचा, बुडाला पाणी लागेल एवढाच. काही दिवसांत पांढरी मुळे सुटतात. सकाळी पहिल्या तासालाच टोके कापायची, कारण त्या वेळी पेशींचे विभाजन जोरात असते. टोक काचपट्टीवर, आम्लाचा थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर जरा धरायचे, मग ॲसिटोकार्माइनचा लालभडक थेंब. वर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा सरकला की काच फुटते आणि मेहनत वाया. आमच्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा अर्धा काळा पडलेला आहे, त्यामुळे तो खिडकीशी नेऊन उजेड पकडावा लागतो. शेकडो पेशी नुसत्याच गोल लाल ठिपक्याच्या, आणि त्यांत एखाद्या पेशीत गुणसूत्रे मध्यभागी रांगेत उभी. मध्यावस्था. एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली आणि वैतागून म्हणाली, “हे तर हालतच नाही!” आम्लाने ती पेशी ज्या क्षणी मेली त्या क्षणीच थांबली, हे तिला सांगितले तेव्हा तिने पुन्हा डोळा लावला. कांद्याची सोळा गुणसूत्रे मोजायचा तिने फार प्रयत्न केला. मोजता येत नाहीत, एकमेकांवर चढलेली असतात.

गुणसूत्रांचा विषय निघाला की मी हिंगणघाटला येते. आमच्या शेजारचे गाव, जिनिंगच्या चिमण्यांचे. इथला देशी ‘बणी’ कापूस इंग्रजांच्या काळात हिंगणघाटच्या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात विकला जायचा. त्या देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे. आज आम्ही लावतो ती अमेरिकन कपाशी, तिच्या पेशीत ५२. दहावीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींचा संकर होऊन, दोघींचे संच एकत्र राहून ही कपाशी झाली. त्या दोन पूर्वजांपैकी एक आपल्या देशी कपाशीच्या कुळातली. हे सांगितले की आजोबांच्या देशी कापसाच्या गोष्टी घरोघर निघतात. एकदा एक आजोबा खास सांगायला शाळेत आले होते की देशीला बोंडअळी कमी लागायची आणि दोर वळायला तोच कापूस बरा.

पण खरी गंमत दसऱ्यानंतर. तेव्हा बोंडे भरलेली असतात आणि मी सूत्री आणि अर्धसूत्री विभाजन पुन्हा एकदा काढते, या वेळी बोंडातून. प्रत्येकाने एक पक्के बोंड आणायचे, चाकूने कप्पे मोकळे करायचे, सरक्या मोजायच्या. चार किंवा पाच कप्पे, एकेका कप्प्यात सातआठ सरक्या. कोणाच्या सव्वीस, कोणाच्या चौतीस. हिशेबाला सोपे म्हणून आम्ही बत्तीस धरतो.

आता प्रश्न असा: झाड बीटीचे आहे. मग यातल्या सगळ्या सरक्या बीटीच्या का?

सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. दरवर्षी.

पान, पाती, फूल, बोंडाची साल हे सगळे एका टोबलेल्या सरकीतून सूत्री विभाजनाने वाढले. प्रत्येक पेशीत तेच जनुक, जसेच्या तसे. पण बोंडातली सरकी त्या झाडाचा भाग नाही, ती पुढची पिढी आहे. तिच्यासाठी अर्धसूत्री विभाजन झाले, गुणसूत्रांच्या जोड्या फुटल्या, परागकण आणि अंडपेशी अर्धेअर्धे घेऊन एकत्र आले. आमच्याकडचे बियाणे संकरित. त्यात बीटीचा प्रत्येक जनुक जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर असतो, दुसऱ्यावर नसतो. कपाशी बरीचशी स्वतःच्याच परागांनी फळते. म्हणून बोंडात थेट मेंडेलचा चौकोन भरतो. दोन्ही प्रथिने असलेल्या सरक्या नऊ, फक्त पहिले असलेल्या तीन, फक्त दुसरे असलेल्या तीन, आणि एकही नसलेली एक. ब्रनोमध्ये १८६५ साली मेंडेलने वाटाण्यावरून सांगितलेले प्रमाण ते हेच, ९:३:३:१. बत्तीस सरक्यांत अठरा, सहा, सहा आणि दोन.

बीटी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही नाणी उडवतो. एका सरकीसाठी चार नाणी. दोन पहिल्या जनुकाची, दोन दुसऱ्याची. चारही काटे पडले तर त्या सरकीत काहीच नाही. बत्तीस वेळा उडवायचे आणि लिहून घ्यायचे. कोणाला एकही मिळत नाही, कोणाला चार मिळतात, आणि सगळ्या वर्गाची बेरीज घेतली की आकडा दोनच्या आसपास येऊन बसतो. संभाव्यतेचा धडा गणिताच्या सरांकडे आहे, पण तो इथेच समजतो असे ते स्वतः म्हणतात.

आणि शेंदरी अळी राहते कुठे? सरकीत. पानावर नाही. तिला बोंडातच विषाचे आणि बिनविषाचे दाणे एकमेकांना लागून मिळतात. बिनविषाच्या दाण्यात सुरुवात करायची, जरा मोठी झाली की शेजारच्या अर्ध्या विषाच्या दाण्यात. अर्धवट वेगळेपण असलेल्या अळ्याही अशाने तरून जातात. कित्येक देशांत बीटी सरळ वाणात आहे, तिथे प्रत्येक सरकी बीटीचीच. संकरित बियाण्यावर जवळपास सगळी बीटी कपाशी उभी करणारे आपणच. या एका गोष्टीबद्दल पोरांना जेवढा राग येतो तेवढा मला कधी शिकवून आणता आला नसता.

नॉन-बीटीच्या पाकिटाची गोष्ट मी पालकसभेत काढली. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे साध्या कपाशीचे पाकीट यायचे. ते शेताच्या कडेने, निदान पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रात लावायचे होते. आमच्याकडे ते नांग्या भरायला वापरले गेले नाही तर फेकले गेले. मी फळ्यावर दाखवले. वेगळेपणाच्या दोन्ही प्रती असतील तरच अळी जगते. एक प्रत साधी असली तर बीटी तिला मारते. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढल्या, त्यांचे पतंग झाले आणि बीटीतून वाचलेल्या एकदोन पतंगांशी त्यांचा जोडा जमला, तर पिल्ले एकेरी प्रतीची निघतात आणि मरतात. कडेला काहीच नसले तर वाचलेल्यांची गाठ वाचलेल्यांशीच पडते.

मागे बसलेले एक गृहस्थ उभे राहिले. “मॅडम, माह्याकडे पाच एकर हाय. त्यातला एक एकर अळीले खायाले सोडू का?”

वीस टक्क्यांचा अर्थ इतक्या थोडक्यात कोणत्याही पत्रकाने सांगितला नव्हता. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साधी कपाशी लावली, पुढे तिच्याऐवजी विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारने शेंदरी अळी देशातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. आमची बोंडे सडली त्याच्या पुढच्याच वर्षी. तिथे शेते शेकडो एकरांची, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेले. चीनमध्ये तर शेतकरी संकरित कपाशीची दुसरी पिढीच लावू लागले, त्यात पावहिस्सा झाडे आपसूक बिनबीटीची निघाली आणि अळीची जिरली. पाच एकरवाल्याने एकट्याने एक एकर सोडावा, शेजाऱ्याने सोडू नये आणि फायदा दोघांना सारखा, हा व्यवहार कोणी करील असे धरून चालणाऱ्यांनी जीवशास्त्र नीट वाचले होते, शेतकरी वाचला नव्हता. पुढे साधे बी पाकिटातच मिसळून देऊ लागले. शेंदरी अळी या झाडावरून त्या झाडावर फारशी जात नाही, बहुतेक एकाच बोंडात जन्म काढते, म्हणून हे मिसळणे तिच्या बाबतीत चालते. उशीर मात्र झालाच होता.

याच धड्यात एक जागा अशी आहे की मी आवाज खाली आणते. सिकलसेल. विदर्भात हा आजार पुस्तकातला नाही, घरातला आहे. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद केली, तेव्हापासून नागपूर-सेवाग्रामच्या डॉक्टरांचे त्यावर काम चालू आहे. वर्गात कोणाकडे सिकलसेलचे कार्ड आहे हे मी कधीच विचारत नाही. फळ्यावर फक्त एएस आणि एएस, म्हणजे दोन वाहक, लिहिते आणि चौकोन भरते. आईबाप दोघे वाहक असले तर प्रत्येक मुलाच्या वेळी आजाराची चारात एक शक्यता. ‘चार मुलांतले एक’ नव्हे, प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. नाणी उडवून झालेली असतात, म्हणून हे पटकन कळते. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले, एवढाच हा फरक. तो टिकला कशाने? एकेरी प्रत असलेल्याला जीवघेणा हिवताप कमी लागतो म्हणून. जिथे हिवताप होता तिथे हे जनुक जगले. बोंडअळीनंतर हे शिकवले की वर्ग कोणाकडे वळून पाहत नाही. रक्तात दोष असतो, पाप असते, हे घरी ऐकलेले असते. एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि लग्नाआधी दोघांची तपासणी कुठे होते ते विचारून गेली. ग्रामीण रुग्णालयात होते, मी सांगितले.

आता दर पावसाळ्यात आम्ही शाळेजवळच्या एका पालकाच्या शेतात कामगंध सापळे लावतो. मादीच्या गंधाची नक्कल असलेली ल्यूर, खाली पिशवी, नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा नियम पोरांनी वहीच्या मागे लिहून ठेवला आहे. शेताचे मालक फरदड ठेवायचे की उपटायची यावर अजून माझ्याशी भांडतात. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवली तर अळीला वर्षभर जेवण, हे त्यांना मान्य आहे. पण फेब्रुवारीत फरदडीचा दोन क्विंटल कापूस घरात येतो, तेही मला मान्य करावे लागते. विहिरीजवळचा तुकडा ते ठेवतात, बाकी उपटतात.

गेल्या हंगामात त्यांचीच मुलगी पतंग मोजत होती. मोजता मोजता तिने विचारले, “मॅडम, काही नर या वासाले भुलत नसतील ना? मंग तेच वाचतील. त्याईचे पोरंही नाही भुलणार.”

मी तिला जपानचे सांगितले. शिझुओकाच्या चहाच्या मळ्यांत पाने गुंडाळणाऱ्या एका पतंगासाठी असाच गंध सोडत, नराला मादी सापडू नये म्हणून. गंधात एकच घटक होता. दहाबारा वर्षे चालले, मग १९९० च्या दशकात उपाय लागू पडेना. मादीच्या खऱ्या गंधातले बाकीचे घटक मिसळल्यावर पुन्हा चालू लागले.

तिने पेन थांबवले. “मंग आपल्या ल्यूरमधी किती घटक हाय?”

दोन, निम्मेनिम्मे, मी म्हटले. शेंदरी अळीच्या मादीच्या गंधात तेवढेच असतात.

“दोनच?”